एकोणपन्नास दिवसांची उसनवारी

माझ्या क्रेडिट कार्डाचे बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघते आणि ते भरायला त्यापुढे वीस दिवसांची मुदत मिळते. त्यामुळे ११ जूनला केलेली खरेदी १० जुलैच्या बिलात येते आणि तिचे पैसे ३० जुलैला दिले तरी चालतात. म्हणजे ४९ दिवस पैसा बँकेचा आणि वापर आपला. तीच खरेदी एक दिवस अलीकडे, १० जूनला केली आणि त्याच दिवशीच्या बिलात चढली, तर ३० जूनलाच पैसे मोजावे लागतात आणि मुदत वीस दिवसांवर येते. ‘पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी’ या जाहिरातीतल्या ‘पर्यंत’ या एका शब्दात हे सगळे मावलेले असते, आणि कार्ड घेतल्यावर पहिली दोन वर्षे माझे त्या शब्दाकडे लक्षच गेले नव्हते.

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका डाळ मिलमध्ये हिशेब पाहतो आणि घरची शेती चोपडा तालुक्यात आहे. महिन्याच्या ७ तारखेला येणारा माझा पगार आणि वर्षातून दोन-तीनदाच येणारा शेतीचा पैसा, या दोहोंचे वेळापत्रक कधीच जुळत नाही. मधले दिवस काढायला पूर्वी हातउसने घेतले जायचे, नाहीतर कोणाकडून शेकड्याने, म्हणजे दर शंभरामागे महिन्याला ठरलेल्या व्याजाने, पैसे आणले जायचे. गेली सात-आठ वर्षे त्या मधल्या दिवसांसाठी मी जमेल तिथे कार्ड वापरतो. त्यात कधी खरोखर स्वस्तात सुटलो, कधी चांगला हात पोळून घेतला.

हा व्यवहार पहिल्यांदा ओसरीवर बसून आप्पांना समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: “बँक काय खास मंग?” म्हणजे, मग बँक काय खाते? वडिलांच्या या प्रश्नाचे उत्तर देता आले की निम्मा विषय कळतो. बँक तीन ठिकाणी खाते. आपण कार्ड घासतो त्या दुकानदाराच्या पैशांतून टक्का-दोन टक्के कापले जातात. कार्डाची वार्षिक फी असते. आणि खरे पोट भरते ते ज्यांची बाकी राहते त्यांच्या व्याजावर. म्हणजे मला मिळणारे ४९ दिवस कोणाच्या तरी खर्चाने मिळतात, आणि माझी तारीख चुकली तर तो ‘कोणीतरी’ मीच असतो.

आमच्या मिलमध्ये डाळीचा भाव दोन तऱ्हांनी निघतो. पार्टीने माल उचलताच पैसे पाठवले तर वटाव, म्हणजे रोखीची सूट, कापून मिळतो, आणि महिन्याने पाठवायचे असतील तर पूर्ण भाव लागतो. या फरकाला बिलावर कोणी व्याज म्हणत नाही, परंतु देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही ते व्याजच आहे हे पक्के ठाऊक असते. दोन टक्के वटाव सोडून महिनाभर पैसे वापरणारी पार्टी वर्षाला चोवीस टक्क्यांनी कर्ज घेत आहे, हे आमच्या शेठजींना कागद-पेन न घेता सांगता येते. रोज हेच पाहत असल्यामुळे ‘बिनव्याजी’ हा शब्द कानावर पडला की व्याज कुठे दडवले आहे ते मी आधी शोधतो, आणि कार्डाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा दुकानदाराच्या काउंटरवरच सापडते.

ठिबकच्या नळ्या घ्यायला गेलो आणि बिल ८४,००० रुपये झाले, असे धरू. कार्ड बाहेर काढले की दुकानदार म्हणतो, “भाऊ, कार्डावर दोन टक्के वर पडतील.” हे दोन टक्के म्हणजे १,६८० रुपये. मशीनचा खर्च म्हणून आपण ते मुकाट्याने देतो, पण ते मशीनचा खर्च नसून ४९ दिवसांच्या कर्जाचे व्याज आहे, आणि वर्षाच्या हिशेबाने त्याचा दर जवळजवळ पंधरा टक्के पडतो. खरेदी बिलाच्याच दिवशी झाली आणि वीसच दिवस मिळाले, तर त्याच दोन टक्क्यांचा दर साडेछत्तीस टक्क्यांवर जातो. दुकानदाराने कार्डावर काहीच वाढवले नाही, पण रोखीवाल्याला तीन टक्के सोडले, तरी हिशेब तोच. ते तीन टक्के ४९ दिवसांसाठी सोडणे म्हणजे बावीस टक्क्यांनी पैसे घेणे. बँकेत सोने ठेवून नऊ-दहा टक्क्यांनी पैसे मिळत असताना हा व्यवहार स्वस्त कसा म्हणायचा? म्हणून माझी एक सवय झाली आहे: भाव ठरेपर्यंत कार्ड खिशातून काढायचे नाही. आधी रोखीचा भाव विचारायचा, तो शेवटपर्यंत घासून घ्यायचा, आणि मग सहज विचारल्यासारखे विचारायचे की कार्ड चालेल का. दोन्ही भाव एकच निघाले, तरच ४९ दिवस खरोखर फुकट.

किराणा, औषधे, शाळेच्या वह्या यांसारख्या लहान खरेदीत ही अडचण आता बरीच कमी झाली आहे. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, आणि लहान दुकानदाराला दोन हजार रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क पडत नाही, त्यामुळे तो कुरकुर करत नाही. मात्र हे पैसे दुकानाच्याच कोडवर जातात. कार्डावरून यूपीआयने सालदाराला किंवा भावाला पैसे पाठवता येत नाहीत. शेतीतली मजुरी, भाडे, बैलजोडी हे सगळे रोखीचेच राहते, आणि नड तर तिथेच असते.

आता त्या ४९ दिवसांची किंमत किती, हा प्रश्न. ८४,००० रुपये तेवढे दिवस बचत खात्यात पडून राहिले, तर तीन टक्क्यांनी ३३८ रुपये व्याज मिळते. एवढ्यासाठी तारखा सांभाळत बसायचे, तर जिवाला तेवढा घोर परवडत नाही. परंतु तेच पैसे नसते आणि मी ते शेकडा दोनने आणले असते, तर दोन महिने धरून ३,३६० रुपये द्यावे लागले असते. व्यवहार तोच आणि दिवस तेवढेच, तरी एका बाजूला तीनशे आणि दुसऱ्या बाजूला तीन हजार. या मुदतीची किंमत ती कोणते कर्ज टाळते यावर ठरते. टाळण्यासारखे कर्जच नसेल, तर मुदतीला फारशी किंमत नाही. समाजमाध्यमांवर कार्डाचे गुण जमवून दाखवणारी जी तरुण मंडळी असतात, त्यांचे मला कौतुक वाटते, पण त्यांच्या हिशेबात हा भाग कुठेच दिसत नाही.

माझा हात पोळला तो २०१९ मध्ये. ११ जूनला मी ठिबकच्या नळ्या आणि त्यांचे बारीकसारीक सामान कार्डावर घेतले होते. वरच्या उदाहरणातले ८४,००० रुपये ते हेच. त्या दुकानात तेव्हा मशीन नुकतेच आले होते आणि कार्डाचा भाव वेगळा नव्हता, त्यामुळे मी मनातून खूश होतो. ३० जुलैला बिल भरायला बसलो, तेव्हा खात्यात महिनाअखेरीला लागतील एवढेच पैसे शिल्लक राहत होते. मी ८०,००० भरले आणि ४,००० मागे ठेवले. किमान देय रकमेच्या कितीतरी पट भरणा झाला होता, उशीर झालेला नव्हता, आणि चार हजारांवर महिन्याचे साडेतीन टक्के म्हणजे १४० रुपये, असा माझा हिशेब होता. दिवसभर दुसऱ्याचे हिशेब तपासणाऱ्या माणसाने केलेला हा हिशेब आहे, हे मुद्दाम सांगतो.

१० ऑगस्टच्या बिलात व्याजाच्या रकान्यात ४,७८७ रुपये होते. मी ग्राहक सेवेला फोन लावला, भांडलो, आणि पलीकडच्या मुलीने शांतपणे मला नियम वाचून दाखवला. बिल पूर्ण भरले नाही की बिनव्याजी मुदत मागच्या तारखेपासूनच रद्द होते. मग व्याज लागते ते मागे राहिलेल्या चार हजारांवर नव्हे, तर सगळ्या ८४,००० वर, खरेदीच्या दिवसापासून पैसे भरल्याच्या दिवसापर्यंत. वार्षिक ४२ टक्क्यांनी दिवसाला ९६ रुपये ६६ पैसे, असे ४९ दिवसांचे ४,७३६ रुपये, आणि उरलेल्या चार हजारांचे पुढच्या अकरा दिवसांचे ५१ रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी. चार हजार मागे ठेवल्याबद्दल मी सुमारे ५,६५० रुपये मोजले. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही मुदत मिळत नाही, त्यामुळे त्या महिन्याच्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते. ते बिल मी छापून घेतले आणि मिलमधल्या माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवले. नवीन लागलेली मुले विचारतात, तेव्हा त्यांना दाखवतो.

कार्डाची बिनव्याजी मुदत अशी सगळी किंवा काहीच नाही या बोलीवर मिळते. गावातला शेकड्याने देणारा माणूस निम्मे पैसे परत केले तर निम्म्याचे व्याज सोडतो. इथे शंभरातले नव्याण्णव परत केले तरी मुदतीची सवलत शंभरावरून उठते.

या दरांविषयी थोडे सांगायला हवे. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, आणि परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारणी कर्जाला वर्षाला ९ टक्के, विनातारण कर्जाला १२ टक्के, एवढाच दर घ्यावा असे ठरलेले आहे. गावात शेकडा तीनने पैसे देणारा, म्हणजे वर्षाला ३६ टक्के लावणारा माणूस या कायद्याने गुन्हेगार ठरतो. कार्डाचा दर मात्र ४२ किंवा ४५ टक्के असला तरी तो कायद्यात बसतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. बँकांची बाजू मला समजते. तारण नसते, बुडवणारे असतात. तरीही ज्या दराने गावातल्या माणसावर गुन्हा दाखल होऊ शकतो, त्याच्याही वरचा दर आपण प्लास्टिकच्या तुकड्यावर सही करून मान्य केलेला असतो, ही गोष्ट कार्ड घासताना माझ्या डोक्यात असते.

गुणांचे, म्हणजे रिवॉर्ड पॉइंटचे, आता थोडक्यात. माझ्या पहिल्या कार्डावर शंभर रुपयांना एक गुण मिळायचा आणि एका गुणाची किंमत पंचवीस पैसे होती. ठिबकच्या त्या ८४,००० वर ८४० गुण जमले, त्यांचे २१० रुपये झाले, आणि ते वळते करून घेण्याचे शुल्क ९९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ११७ रुपये कापले गेले. हाती ९३ रुपये आले. आता वापरतो त्या कार्डावर एक टक्का रोख परतावा थेट बिलात वजा होतो, आणि तो मला पसंत आहे, कारण त्यात गुणांच्या बदल्यात कोणी माझ्या गळ्यात भिंतीवरचे घड्याळ मारत नाही. पेट्रोल, भाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर बहुधा काहीच मिळत नाही. वार्षिक फी ५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५९० रुपये. वर्षाला एक लाखाचा खर्च झाला तर ती माफ. एका मार्चमध्ये त्या लाखाला चार हजार कमी पडत होते म्हणून मी मिक्सर घेऊन आलो, तेव्हा घरात आधीचा मिक्सर चालू स्थितीत होता, हे बायकोने अजून विसरू दिलेले नाही. एवढेच धरावे की जी खरेदी करायचीच होती तिच्यावर मिळालेला हा वटाव आहे. दुकानदार दोन टक्के वर लावत असेल तर एक टक्का परताव्याने ते भरून निघत नाहीत.

‘नो कॉस्ट ईएमआय’चीही गोष्ट तीच. शून्य टक्के व्याज ही गोष्ट अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. आता दुकानदार व्याजाएवढी सूट आधी देतो आणि बँक ते व्याज हप्त्यांत वसूल करते; व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्याच माथी राहते. फ्रिजसारख्या वस्तूला ते परवडूही शकते. रोखीचा भाव विचारण्याची सवय इथेही चालते.

ज्या ठिकाणी ही मुदत खरोखर कामाला आली, ती जागा मात्र कोणत्याही जाहिरातीत नसते. ती म्हणजे ३१ मार्च.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. आमच्या सोसायटीत ही मुदत ३१ मार्चची. तारीख चुकली की सवलत जाते, वर्षभराचे सहा-सात टक्के अंगावर पडतात आणि नाव थकबाकीत गेल्यामुळे नवे कर्जही अडते. भरणा केला की काही दिवसांनी नवे कर्ज मंजूर होऊन खात्यावर येते. याला नवे-जुने करणे म्हणतात. अडचण एवढीच की भरण्याच्या दिवशी रक्कम हातात असावी लागते आणि नवी रक्कम नंतर येते. मधल्या पंधरा-वीस दिवसांसाठी पैसे लागतात. या दिवसांवर गावोगावी काही लोकांचे वर्षाचे उत्पन्न उभे आहे, कारण पैसे पंधरा दिवस वापरले तरी व्याज पुऱ्या महिन्याचे लागते.

सोसायटीचा भरणा कार्डाने करता येत नाही, आणि कार्डावरून एटीएममधून रोख काढणे तर वेडेपणाच. त्याला मुदत नसते, काढल्या क्षणापासून व्याज चालू होते आणि वर अडीच टक्क्यांच्या आसपास शुल्क पडते. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात केली. ११ मार्चनंतरचे घरातले जे जे खर्च कार्डावर नेता येतील ते सगळे नेले: विम्याचा हप्ता ३४,०००, दोन्ही मुलांची शाळेची फी २६,०००, आणि किराणा, पेट्रोल, औषधे मिळून १८,०००. एकूण ७८,००० रुपये. हे सगळे १० एप्रिलच्या बिलात येणार आणि ३० एप्रिलला भरायचे. या खर्चांसाठी बाजूला ठेवलेली रोख तेवढी मोकळी झाली, ती आप्पांना दिली, आणि त्यांनी सोसायटीत भरणा केला. नवे कर्ज एप्रिलच्या मध्यात आले, आप्पांनी पैसे परत केले, मी बिल भरले. दोन वर्षे हे इतके सुरळीत झाले की आप्पांच्या खिशातल्या वहीत ३१ मार्चच्या खाली ‘११ ला कार्ड सुरू’ अशी नोंद आली.

तिसरे वर्ष २०२३. आदल्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, त्यामुळे त्या वर्षी अर्ध्या खानदेशाने कापूस घरात भरून ठेवला. आमच्याकडेही पुढची खोली छतापर्यंत भरलेली. नातवंडे त्यात उड्या मारायची आणि रात्री अंगाला खाज सुटली म्हणून रडायची. हमीभाव ६,३८० रुपये होता, गावात येऊन कापूस घेणारे खेडा खरेदीवाले त्याच्या वर मागत होते, आणि आप्पा म्हणत होते की अजून थांबू. सोसायटीचे देणे १,६०,००० होते. हातातले आणि आमचे ७८,००० मिळून त्यांनी २८ मार्चला भरणा केला. आता ३० एप्रिलला माझे बिल भरण्यासाठी दोन आधार होते, एक नवे कर्ज आणि दुसरा कापूस. दोन्ही आधार आहेत असे मला वाटत होते. प्रत्यक्षात दोन्ही येणे होते, हातात त्यांपैकी काहीच नव्हते.

२२ एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. बहीण माहेरी आलेली, लिंबाला झोका बांधलेला, घरात पुरणपोळी आणि आमरस. त्या दिवशी सोसायटीचे काम पाहणारे गटसचिव गावातच होते, म्हणून मी जेवण करून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सांगितले की कमाल मर्यादा पत्रक, म्हणजे कोणत्या सभासदाला किती कर्ज मिळणार याची यादी, अजून मंजूर होऊन आलेले नाही, पुढच्या आठवड्यात बघू. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ या वाक्याचा अर्थ सोसायटीच्या सभासदाला लहानपणापासून कळतो. घरी येऊन कॅलेंडर पाहिले, तर ३० एप्रिल रविवार आणि १ मे महाराष्ट्र दिन. जे काही करायचे ते त्याआधी करणे भाग होते.

त्या रात्री मी काचेखालच्या २०१९ च्या बिलाप्रमाणे हिशेब मांडला. किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली, तर ७८,००० वर मागच्या खरेद्यांपासूनचे व्याज लागले असते आणि जीएसटी धरून ते पाच हजारांच्या आगेमागे गेले असते. कापूस त्याच दिवशी मोजून दिला असता तर प्रश्न सुटला असता, पण आप्पांशी त्या विषयावर बोलण्याची सोय नव्हती. २८ तारखेला, शुक्रवारी, बायको आणि मी जळगावच्या एका बँकेत गेलो आणि तिच्या पाटल्या तारण ठेवल्या. सराफाने त्या कसोटीवर घासल्या, वजन केले, कागदावर लिहिले आणि पांढऱ्या कापडी पिशवीत घालून पिशवीला लाख लावली. सुवर्णनगरी म्हणून मिरवणाऱ्या गावात, आखाजीनंतर सहाव्या दिवशी. बायको एवढेच म्हणाली, “लोक आखाजीला सोनं घेतात, आपण ठेवायला आलो.” दर ९ टक्के होता. त्याच संध्याकाळी मी कार्डाचे बिल पै न पै भरले.

नवे कर्ज २४ मेच्या सुमारास आले आणि पाटल्या सोडवल्या. २६ दिवसांचे व्याज ५०० रुपये झाले, मूल्यांकनाचे आणि इतर शुल्क धरून एकंदर अकराशे रुपये गेले. मार्चमध्येच शेकडा तीनने आणले असते तर दोन महिने धरून ४,६८० रुपये गेले असते. कापूस शेवटी सात हजारांच्या आसपास मोजून दिला. तोपर्यंत उन्हाने त्याचे वजनही उतरले होते.

त्या वर्षी माझ्या लक्षात आलेली गोष्ट ही की कार्डाची मुदत हे कर्जाचे पहिले पाऊल आहे, आणि दुसरे पाऊल कुठे पडणार हे पहिले उचलण्याआधी ठरलेले असावे लागते. माझे दुसरे पाऊल बायकोच्या पाटल्यांवर पडले, आणि ते तिला मार्चमध्येच विचारून ठरवायला हवे होते. ऐन वेळी विचारले याचा तिला आजही राग आहे आणि तो रास्त आहे.

तारखेच्या बाबतीत एक छोटी सवलत आहे, तीही सांगून ठेवतो. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, शेवटच्या तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँकेला उशिराचे शुल्क लावता येत नाही आणि थकबाकीदार म्हणून कळवताही येत नाही. गंमत अशी की मुदतीच्या वचनचिठ्ठीला लागू असणाऱ्या १८८१ च्या कायद्यातही तीनच दिवसांची सवड आहे. पण ही सवड शुल्काची आणि नावाची आहे. बिनव्याजी मुदत तीन दिवसांनी लांबते असे समजून कोणी बसू नये. त्याच निर्देशांत बिलाची तारीख बदलून घेण्याची सोयही आहे. 

ज्या वाटेला मी कधी गेलो नाही, ती वाट मात्र जवळून पाहिली आहे. माझ्या ओळखीच्या एकाने तीन कार्डे फिरवायला सुरुवात केली. एका मोबाईलच्या दुकानात मशीनवर कार्ड घासायचे, खरेदीचे खोटे बिल करायचे, दुकानदाराने अडीच टक्के कापून रोख द्यायची, आणि त्या रोखीतून दुसऱ्या कार्डाचे बिल भरायचे. कार्ड कंपनीच्या नियमांत हे बसत नाही, ही झाली एक बाब. पण हिशेबानेही पाहा. दर महिन्याला अडीच टक्के कापून घ्यायचे म्हणजे शेकडा अडीचने सावकाराचेच पैसे वापरायचे, फक्त सावकाराच्या ओट्याऐवजी काचेच्या दुकानात उभे राहून. त्याचे ९०,००० चे देणे दीड वर्षात एक लाख चाळीस हजारांच्या आसपास गेले, आणि त्या काळात एकदाही बिल भरायला त्याला उशीर झाला नव्हता. कार्ड कंपनीने तर त्याची मर्यादा वाढवून दिली होती.

मी आता कार्डासाठी एक वेगळे बचत खाते ठेवले आहे. संध्याकाळी त्या दिवसाचा कार्डावरचा खर्च मुख्य खात्यातून तिकडे वळवतो, आणि बिलाचे पैसे ठरल्या दिवशी त्या खात्यातून आपोआप कापले जातात. वर्षातले अकरा महिने म्हणजे मी एका हाताने उसने घेतो आणि दुसऱ्या हाताने बाजूला ठेवतो. पदरात पडतो तो टक्काभर परतावा आणि थोडे व्याज. मार्चमध्ये तेवढी हे खाते रिकामे ठेवायची मुभा मी स्वतःला देतो, आणि तेव्हाही किती रिकामे करायचे हे बायकोला विचारून ठरते.

आप्पांनी यंदा कापूस जानेवारीतच मोजून दिला. भाव पडला म्हणून आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. ३१ मार्चला भरणा त्यांनी स्वतःच्या पैशाने केला, पावती मला फोनवर पाठवली, आणि खाली विचारले की आता त्या कार्डाचे ११ तारखेचे काय करायचे. मी म्हटले, काही नाही, किराणा आणू.